खुणेचा शब्द

अपंगांच्या कोट्यातून मला एसटीडी बूथ मंजूर झाला तेव्हा वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "दिसभर बसून ऱ्हायाचं काम हाय ना?" बसून राहायचंच काम होतं. लहानपणी पोलिओ झाल्यापासून माझा डावा पाय कॅलिपरमध्ये. कोपरगावजवळच्या आमच्या गावात मला साजेसं काम मिळणं कठीण होतं. बूथ मिळाला तो शिर्डीत, स्टँडवरून मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नव्वदचं दशक मी तिथंच, एका लाकडी खुर्चीवर काढलं.

आजच्या मुलांना बूथ म्हणजे काय ते सांगावं लागतं. प्लायवुडची एक केबिन, तिला काचेचं दार, आत फोन. बाहेर माझं टेबल, टेबलावर मीटर. गिऱ्हाईक बोलायला लागलं की मीटरवरचे लाल आकडे पळायला लागायचे. फोन ठेवला की मशीन कर्र कर्र करत एक चिठ्ठी बाहेर टाकायचं. तिच्यावर तारीख, वेळ, लावलेला नंबर आणि बिल. लोक पैसे द्यायचे आणि चिठ्ठी तिथंच टोपलीत टाकून मंदिराकडे पळायचे.

दाराची काच नावापुरतीच होती. उन्हाळ्यात केबिन इतकी तापायची की लोक दार अर्धं उघडं ठेवूनच बोलायचे. शिवाय गावाहून आलेल्या माणसाला वाटायचं, लांबचा फोन म्हणजे ओरडूनच बोललं पाहिजे. त्यामुळे कोण कुठल्या लॉजवर उतरलंय, कुणाची बीपीची गोळी घरी राहिलीय, कुणाच्या सुनेला कितवा महिना आहे, हे बाहेरच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला कळायचं. मला त्यात काही वावगं वाटत नसे. देवाच्या दारात आलेली माणसं, त्यांचं बोलणं ऐकून कोण काय करणार?

त्या बाकावर मोहन नावाचा एक माणूस रोज येऊन बसायचा. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात वर्तमानपत्र. प्रवासी गाड्यांचा एजंट आहे, बाहेरगावच्या पार्ट्यांचे फोन इथं येतात, असं त्याने सांगितलं होतं. त्याचे फोन खरोखरच यायचे आणि तो त्याचे पैसेही ठेवून जायचा. मला ताई म्हणायचा. संध्याकाळी टोपली भरली की म्हणायचा, "ताई, तुम्हाला वाकायला त्रास होतो, बसा तुम्ही. मी टाकून येतो."

माझ्या पायाकडे बघून हळहळणारे पुष्कळ होते, पण टोपली उचलणारा तो एकटाच. मला फार बरं वाटायचं. सात-आठ महिने तो माझी टोपली रिकामी करत होता.

एके दिवशी दुपारी वाशीमचे एक निवृत्त शिक्षक बूथवर आले. सगळे त्यांना गुरुजी म्हणत असावेत, कारण सोबतची त्यांची सून नलिनीही गुरुजीच म्हणत होती. नऊ-दहा दिवसांपूर्वी गुरुजी पत्नीबरोबर दर्शनाला येऊन गेले होते आणि माझ्या बूथवरून त्यांनी घरी एक फोन केला होता. आता ते पुन्हा आले होते ते दर्शनासाठी नव्हे.

गुरुजींनी सगळं नीट, वर्गात सांगावं तसं सांगितलं. त्यांनी घरी फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आणखी एक फोन आला. घरात नलिनी एकटी होती. फोनवरचा माणूस म्हणाला, शिर्डीहून बोलतोय, गुरुजींना छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात ठेवलंय. हृदयाच्या गोळीचं नावही त्याने बरोबर सांगितलं. मोठ्या डॉक्टरांकडे हलवायचंय, हाताशी काही नाही, तुमच्या सासूबाई रडताहेत. आमचा एक माणूस तुमच्याच बाजूला आलाय, पत्ता सांगा, तासाभरात तो दारात येईल, असेल ते द्या. नलिनीने हातातल्या पाटल्या काढून दिल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आणि त्यांच्या पत्नी प्रसादाचे पुडे घेऊन हसत घरी पोचले.

"आम्ही शिर्डीतून एकच फोन केला," गुरुजी म्हणाले. "इथून. आमचा नंबर आणखी कुणाला मिळाला असेल, तर तो इथूनच मिळाला असेल. तसं घडू शकतं का, एवढंच विचारायला आलोय."

नलिनी टेबलाजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, घरात सगळे म्हणतात की पाटल्या मी माहेरी दिल्या आणि फोनची गोष्ट रचली. गुरुजी तोंडाने बोलत नाहीत, पण त्यांनाही तसंच वाटतंय. तुम्ही फक्त एवढं म्हणा की असं होऊ शकतं."

असं होऊ शकतं, हे मला त्या क्षणी कळलं होतं. कसं ते नव्हतं कळलं, पण होऊ शकतं हे कळलं होतं. आणि लगेच दुसरी गोष्ट मनात आली, परवाना. तक्रार झाली, चौकशी लागली, तर हा बूथ जाईल आणि मी पुन्हा गावात वडिलांच्या ओट्यावर.

"छे हो," मी म्हणाले. "आमच्या इथून असं काही होणं शक्यच नाही."

तेवढ्यात बाकावरून मोहन उठला. माठातला पाण्याचा ग्लास भरून त्याने गुरुजींपुढे धरला आणि म्हणाला, "मी रोज इथं असतो बाबा. ताईंच्या बूथवर असलं काही चालत नाही. तुम्ही घरच्या घरी नीट चौकशी करा."

नलिनी जागच्या जागी थबकली. मोहनकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. "ताई, हा आवाज मी ऐकलाय. फोनवर हेच बोलत होते."

मोहन हसला. गुरुजींनी शरमून मान खाली घातली. आणि मी काय म्हणाले, ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "बाई, फोनवर सगळे आवाज सारखेच येतात."

रोज शंभर आवाज ऐकणारी मी. मागच्या वर्षी आलेलं गिऱ्हाईक नुसत्या 'हॅलो'वरून ओळखणारी मी. मला पक्कं माहीत होतं की असं नसतं.

ती दोघं गेली. संध्याकाळी मोहनने नेहमीसारखी टोपली रिकामी केली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्याच्यासाठी एक फोन आला.

"मोहनशेठ आहेत का?"

"नाहीत. काही निरोप?"

"त्यांना सांगा, परभणीचा पत्ता दिलाय तिथं कुणी दार उघडत नाही. थांबू का निघू?"

मी विचारलं, "कुणाचा पत्ता?" पलीकडून फोन ठेवला गेला.

मग सगळं लख्ख दिसलं. चिठ्ठीवरचा नंबर आणि बाकावर बसून ऐकलेलं नाव, लॉज, आजार, गोळी. एवढं हाती आलं की घरच्या माणसाला फसवायला आणखी काही लागत नाही. त्या काळी खिशात फोन नव्हते. शिर्डीत उतरलेल्या सासऱ्यांना वाशीमहून उलट फोन करून खात्री करून घ्यायची सोयच नव्हती. त्या मधल्या दिवसावरच त्याचा धंदा चालत होता. आणि त्याला लागणारी प्रत्येक चिठ्ठी माझ्या टोपलीतून, माझ्याच संमतीने गेली होती.

मी बूथ बंद केला आणि पोलिस चौकीत जाऊन सगळं सांगितलं. हवालदारांनी लिहून घेतलं. मोहनचं आडनाव, गाव, पत्ता यातलं काहीही मला माहीत नव्हतं. हवालदार रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "ताई, आठ महिने माणूस शेजारी बसला आणि आडनाव विचारलं नाहीत?" मोहन पुढे सापडला की नाही, मला कधीच कळलं नाही. परवान्याची चौकशी झाली, ताकीद मिळाली, बूथ मात्र राहिला. ज्या भीतीपोटी मी खोटं बोलले, ती भीती एवढीशीच निघाली.

गुरुजी जाताना पत्ता ठेवून गेले होते. चौकीतून घरी जाऊन मी त्यांना पत्र लिहिलं. लिहायला दोन दिवस लागले. नंबर माझ्याच बूथवरून गेला, तुमच्या सुनेने आवाज बरोबर ओळखला होता, मी त्या दिवशी भिऊन खोटं बोलले, तिची माफी मागते. आठवड्याने गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. त्यात दोनच ओळी होत्या: 'आपले पत्र घरातील सर्वांसमोर मोठ्याने वाचले. सूनबाई माहेरी गेल्या होत्या, त्यांना आणायला आज मी स्वतः जात आहे.'

ते कार्ड वाचून मला हायसं वाटायला हवं होतं. पण ती माहेरी गेली होती, म्हणजे मधल्या दिवसांत त्या घरात काय काय झालं असेल, हेच डोक्यात घोळत राहिलं. ती परत आली का, तेही मला ठाऊक नाही.

त्यानंतर मी बूथची रीत बदलली. चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, नको म्हणाला तर त्याच्यासमोर नंबर फाडून बारीक तुकडे करायचे. टोपली माझ्या खुर्चीखाली. बाक उचलून रस्त्याच्या कडेला, केबिनपासून दूर. टेबलावर रेडिओ चालू, म्हणजे आतलं बोलणं बाहेर येऊ नये. आणि पेंटरकडून एक बोर्ड रंगवून घेतला: 'घरी फोन करताना एक खुणेचा शब्द ठरवा. तो शब्द सांगितल्याशिवाय तुमच्या नावाने आलेल्या कुणाच्याही फोनवर घरच्यांनी विश्वास ठेवू नये.'

लोक सुरुवातीला हसले. मी प्रत्येकाला समजावून सांगायचे. देवाचं नाव घेऊ नका, शिर्डीत ते कुणीही ओळखेल. मुलाबाळांची नावंही नकोत. घराबाहेर कुणाला सुचणार नाही असं काही घ्या आणि फोनवर हळू बोला. बार्शीचे तिघे भाऊ एकदा शब्द कोणता ठेवायचा यावर केबिनमध्ये भांडले, मीटर पळत राहिलं आणि शेवटी शब्द न ठरवताच तिघं बाहेर आले. पण बऱ्याच जणांनी मनावर घेतलं. एका बाईंनी पुढच्या वर्षी येऊन सांगितलं, "ताई, खरंच फोन आला होता. शब्द विचारला तर मेल्याने फोन ठेवून दिला." त्या दिवशी माझी छाती फुगली. एका चुकीची मी थोडीफार भरपाई केली, असं वाटलं.

त्यानंतर वर्षभराने कर्जतकडचे किसनराव आले. साठी उलटलेले शेतकरी, अंगाने काटक. पत्नी सरूबाई चपला सांभाळत बाहेर रस्त्यावर उभ्या होत्या. मुलगा भास्कर पिंपरीला एका वर्कशॉपमध्ये कामाला होता, त्याला पोचल्याचा फोन करायचा होता. मी बोर्ड दाखवला. त्यांना कल्पना भलतीच आवडली. "ह्ये बेस हाय," म्हणाले आणि केबिनचं दार घट्ट लावून मुलाच्या कानात काहीतरी सांगितलं. मी मान दुसरीकडे फिरवून बसले. सकाळचे नऊ वाजले होते.

अकराच्या सुमाराला दवाखान्यातली आया धावत आली. तिच्या हातात भास्करचा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती. किसनरावांना दर्शनाच्या रांगेत झटका आला होता, ते बेशुद्ध होते. सरूबाई त्यांच्याजवळून हलायला तयार नव्हत्या. त्यांनी निरोप पाठवला होता, "बूथवाल्या ताईला म्हनावं, पोराला बलावून घ्या."

मी नंबर लावला. भास्कर फोनवर आला.

"शिर्डीहून बोलते, बूथवरून. तुमच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलंय. आई त्यांच्याजवळ आहे. लगेच निघा."

तो म्हणाला, "शब्द सांगा."

"अहो, तो बोर्ड मीच लावलाय. बूथ माझाच आहे."

"मंग शब्द म्हाईत असंल तुमाला."

"तो तुमच्या वडिलांनी तुम्हालाच सांगितला. मी ऐकला नाही."

"बराबर हाय. बाबांनी बजावलंय, शब्दाबिगर कुनाचं ऐकायचं न्हाई." फोन बंद.

मी पुन्हा लावला. या वेळी ऑफिसातल्या कारकुनाने उचलला. भास्कर मशीनवर गेला आहे आणि पुन्हा फोन आला तर पोलिसांत द्या म्हणून सांगून गेला आहे, असं तो म्हणाला. मी त्याला म्हणाले, "त्याला माझ्यावर विश्वास ठेवायला सांगू नका. मी कुठला नंबरही देत नाही. टेलिफोनच्या चौकशीतून शिर्डीच्या पोलिस चौकीचा नंबर त्याने स्वतः घ्यावा आणि तिथं विचारावं. एवढा निरोप द्या."

"बघतो," कारकून म्हणाला.

तेवढ्यात आया पुन्हा दारात. "म्हातारी इचारतीय, पोरगा निघाला का?"

मी काय सांगणार होते? नवरा बेशुद्ध, बाई परक्या गावात एकटी. मी म्हणाले, "निघाला म्हणून सांग."

आणि बूथला कुलूप लावून चौकीकडे निघाले. भास्करचा फोन आलाच, तर तिथल्या माणसाला किसनरावांचं नाव तरी माहीत हवं. दवाखाना उलट्या दिशेला होता. माझ्या पायाने दोन्हीकडे जाणं जमण्यासारखं नव्हतं. चौकीत जाऊन मी हवालदारांना सगळं सांगितलं आणि फोनजवळ बसून राहिले. एक वाजला. सव्वा वाजला. दीडच्या पुढे फोन वाजला. चौकशीचा नंबर लागत नव्हता, मग शिर्डीची लाइन मिळत नव्हती. भास्कर एक तासापासून प्रयत्न करत होता. हवालदारांनी त्याला खात्री दिली. पलीकडून त्याचा हुंदका मला इतक्या लांबूनही ऐकू आला.

किसनराव पाचच्या पुढे वारले. भास्कर पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. अकराला निघाला असता तर पिंपरीहून एसटीने पाचच्या आत आला असता. हा हिशोब मी नंतर किती वेळा केला, सांगता येत नाही. किसनराव शुद्धीवर आले नव्हते, पण हातात हात तरी मिळाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृतदेह गावाकडे नेण्यासाठी जीप ठरली. नातेवाइकांना फोन करायला भास्कर बूथवर आला. सरूबाईंना मी माझ्या टेबलाजवळ बसवलं. मी बोर्ड काढून आत ठेवला होता. सगळे फोन झाल्यावर भास्करने वर बघितलं.

"बोर्ड कुठं गेला, ताई?"

"काढला."

"लावा परत," तो म्हणाला. "बाबांनी सांगितलं तसंच मी केलं. तुमी बी बराबरच केलं."

सरूबाईंनी मान वर केली. "कसला बोर्ड? कसला शब्द?"

भास्करने त्यांना सांगितलं. सरूबाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "आन शब्द काय हुता?"

"पाखऱ्या."

सरूबाई म्हणाल्या, "त्यो बैल जाऊन धा वर्सं झाली. अजून झोपंत त्येला हाक मारायचे. त्येंच्या तोंडाला दुसरा शब्द येनार कुठनं? मला इचारलं असतं तर म्या सांगितला नसता का?"

त्या माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता. "तुमी तर म्हनलात, पोरगा निघाला."

मी आयेला खरं सांगितलं असतं, की मुलगा विश्वास ठेवत नाही, शब्द मागतोय, तर दोन गल्ल्यांपलीकडे बसलेल्या या बाईने तो शब्द लगेच पाठवला असता. मला ते सुचलंच नाही. नवऱ्याने तिला सांगितलेलं नव्हतं, म्हणजे तिला माहीत नसणार, असं मी धरून चालले. आणि तिला धीर द्यायच्या नादात तिला विचारायची वाटच बंद केली.

जीप गेली. दुपारी मी बोर्ड परत लावला आणि पेंटरला बोलावून खाली एक ओळ वाढवली: 'शब्द घरातल्या प्रत्येकाला सांगा. बायकांनाही सांगा.'

हल्ली बँकेचे लोक ज्येष्ठ नागरिकांना जमवून सांगतात की फोनवर कुणाला काही सांगू नका, स्वतः नंबर शोधून खात्री करा. बरोबर आहे ते, मीही मान डोलावते. पण माझ्या कामातून मी शिकले ती गोष्ट आणखी वेगळी आहे. त्या दिवसानंतर बूथ बंद होईपर्यंत माझ्या टेबलापुढे कुणी घाबरून उभं राहिलं आणि "काय झालं ताई?" म्हणालं, तर जे असेल तेच मी सांगितलं. लागत नाही. उचलत नाहीत. विश्वास ठेवत नाहीत. समोरच्याचा चेहरा पडायचा, मलाही ते बघवत नसे. मग मी विचारायचे, "तुम्हाला काही सुचतंय का?"

आणि पुष्कळदा त्यांना सुचायचं.